बंबाचा दोष नव्हता

मला पेट्रोलचा वास आवडायचा, हे आधीच सांगून टाकते. पंपावर टाकी भरताना नाकाला पदर लावणाऱ्या बायकांतली मी नव्हते. त्यामुळे घराला लागून असलेल्या आमच्या गाडीच्या शेडमध्ये तो वास महिना-दीड महिना भरून राहिला, तरी मला त्यात वावगं काही वाटलं नाही. घरातल्या बाकीच्यांना वाटायचं, स्कूटी जुनी झालीय, कुठंतरी गळत असेल. मी त्यांना तसं वाटू दिलं.

मी अंगणवाडी पर्यवेक्षिका आहे. चाकूरला राहते आणि तालुक्यातल्या वीस-बावीस गावांत स्कूटीवरून फिरते. पंप आमच्या घरापासून पार दुसऱ्या टोकाला. सकाळी उलटं जाऊन टाकी भरायची म्हणजे अर्धा तास मोडतो. माझ्या वाटेवरच्या एका गावात किराणा दुकानात बाटलीतून पेट्रोल मिळायचं. मी येताना दोन बाटल्या घेऊन यायची आणि गोडेतेलाच्या रिकाम्या पाच लिटरच्या कॅनमध्ये ओतून ठेवायची. माझे पती सुधाकर हायस्कुलात लिपिक आहेत. त्यांनी एकदा तो कॅन पाहिला आणि म्हणाले, "हे घरात नको. ऋतुजा इथं सायकल लावते." ऋतुजा आमची मुलगी, सातवीत आहे. मी म्हणाले, "काढते." आणि कॅन फळीखालून काढून पोत्यांमागं ठेवला.

त्याच शेडच्या मागच्या कोपऱ्यात आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब होता. न्हाणीघरात धुरानं भिंती काळ्या होतात म्हणून तो शेडमध्ये आणलेला. माझे सासरे रोज सकाळी त्यात लाकडं घालून पेटवायचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. अण्णा एसटीत चालक होते. एवढी वर्षं गाडी चालवली पण एकदाही कुणाला धक्का लागला नाही, याचा त्यांना फार अभिमान. ते स्वतःहून कधी सांगत नाहीत, पण पाहुणा आला आणि विषय निघाला की नाही म्हणत नाहीत.

ती सकाळ

पौषातली थंडी होती. शटर अर्धंच वर केलेलं. अण्णांनी बंब पेटवला आणि ते मागच्या अंगणात लाकडं आणायला गेले. मला लातूरला बैठकीला जायचं होतं, टाकीत पेट्रोल कमी होतं. मी पोत्यांमागून कॅन काढला. बंब पेटलेला मला दिसत होता. पण तो आठ-दहा पावलं लांब होता आणि मी शटरजवळ होते. एवढं अंतर पुष्कळ झालं, असं मला वाटलं.

बाटली कापून केलेल्या नरसाळ्यातून ओतताना थोडं पेट्रोल बाहेर सांडलं. फरशीला उतार मागच्या, बंबाजवळच्या मोरीकडं आहे. मी फडक्यानं पुसलं आणि पुन्हा ओतायला लागले. मग फरशीवरून काहीतरी निळं माझ्याकडं येताना दिसलं. धावत नव्हतं, सरकत होतं. ते काय आहे हे कळायच्या आत भप्प असा आवाज झाला. मी कॅन टाकून द्यायला हवा होता. मी तो घट्ट धरला. का धरला, मला आजही सांगता येत नाही. पेट्रोल साडीवर आलं आणि पेटलं.

मी ओरडले नाही, असं सगळे म्हणतात. मला वाटत होतं मी ओरडतेय.

समोर रफिकभाईंचं गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान आहे. ते शटर उघडत होते. ते धावत आले, त्यांच्या हातात जुनी गोधडी होती, ती त्यांनी माझ्यावर टाकली आणि मला बाहेर ओढून जमिनीवर लोळवलं. सुधाकर घरातून बादली घेऊन आले, तर रफिकभाई ओरडले, "साहेब, त्या आगीवर पाणी नका टाकू, पेट्रोल पसरंल. वाळू घ्या, वाळू." शेजारी बांधकामाची वाळू पडलेली होती. त्या दोघांनी घमेल्यांनी वाळू टाकून आग विझवली. स्कूटी गेली, ऋतुजाची सायकल गेली. ऋतुजा पायीच शिकवणीला गेली होती.

अण्णांनी मला अंगणातल्या नळाखाली बसवलं आणि माझे दोन्ही हात धारेखाली धरले. शेजारच्या काकूंनी टूथपेस्ट आणली. कुणीतरी हळद आणली. अण्णा म्हणाले, "काय लावायचं न्हाई. आम्हाला डेपोत शिकवलंय. फक्त पाणी." थंडीत ते भिजून गेले होते, पण गाडी येईपर्यंत त्यांनी माझे हात पाण्याखालून काढू दिले नाहीत. पुढं लातूरच्या डॉक्टरांनी मला सांगितलं, की बोटं राहिली ती त्या पाण्यामुळं.

जबाब

दोन्ही हात कोपरापर्यंत, गळा, हनुवटी आणि उजवी मांडी. लातूरच्या दवाखान्यातल्या जळीत कक्षात मला ठेवलं. पहिल्या दिवसाचं फार आठवत नाही. डॉक्टर सुधाकरना दाराबाहेर नेऊन काहीतरी सांगत होते आणि सुधाकर त्यांच्या बुटांकडं बघत होते, एवढं आठवतं.

दुसऱ्या दिवशी पोलीस आले. सासरी बाई जळाली की पोलीस येणारच. हे मला माहीत होतं. मीच गावोगाव बायकांना सांगत आले आहे. एक महिला पोलीस आणि तहसीलमधले एक साहेब होते. डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेर काढलं.

"घरात काही भांडण?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"कुणी त्रास देतं का? घाबरू नका, बाहेर कुणाला ऐकू जात नाही."

"नाही हो. अपघात आहे."

"पेट्रोल कुठून आलं?"

इथं मी थांबले. मी बैठकांमधून सेविकांना रॉकेल, पेट्रोल, फिनेल कुठं ठेवायचं नाही ते शिकवते. मी सुधाकरना कॅन काढते म्हणून सांगितलं होतं. अंगाची आग होत असताना माणूस खोटं बोलणार नाही असं वाटतं, पण लाज त्याहून जास्त झोंबत होती. मी म्हणाले, "स्कूटीतून गळत असेल."

"मग पेटलं कशानं?"

"बंब पेटलेला होता."

"कुणी पेटवला?"

"सासऱ्यांनी."

त्यांनी ते लिहून घेतलं. माझे हात बांधलेले, म्हणून पायाच्या अंगठ्याचा ठसा घेतला. प्रत्येक वाक्य खरं होतं, एक सोडून.

वॉर्डातले दिवस

ज्यांच्यावर ही वेळ आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते. सर्वांत वाईट वेळ ड्रेसिंगची. ती रोज साधारण दहाला असायची आणि आठला ट्रॉलीचा आवाज आला की मी घड्याळाकडं बघत राहायचे. पण ती वेळ संपते. अकरा वाजतात. अकरा वाजल्यानंतरचा चहा हा मी आयुष्यात प्यायलेला सर्वांत चांगला चहा आहे. कांबळे सिस्टर तो मला कपाला नळी लावून पाजायच्या.

सिस्टर उदगीरच्या. बोलायला फटकळ. मी पहिल्यांदा आरसा मागितला तेव्हा म्हणाल्या, "पुढच्या सोमवारी देते. आज बघितलात तर फुकट रडाल, कारण सोमवारपर्यंत वेगळं दिसणार आहे." सोमवारी त्यांनी खरंच आरसा आणला. हनुवटीवर गुलाबी डाग होता, भुवया नव्हत्या. मी हसले, कारण मला वाटलं होतं त्याच्या निम्मंही ते वाईट नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, "बघा. उगाच का सोमवार सांगितला."

भीती असते. मला हातांची होती. डावा बरा होता, पण उजव्या हाताची कातडी खोल जळाली होती. डाव्या मांडीची कातडी काढून तिथं लावावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. मी ऋतुजाची वेणी घालू शकेन का, असं विचारलं. ते म्हणाले, "व्यायाम केला तर." त्या 'तर'वर मी पुढचे कितीतरी दिवस काढले.

दादा

माझा थोरला भाऊ, दादा, कंधारला कापडाचं दुकान चालवतो. तो तिसऱ्या दिवशी आला आणि लातुरातच राहिला. त्याला जबाबातलं कळलं होतं. सुधाकर खोलीत आले की तो उठून बाहेर जायचा. एकदा माझ्यासमोरच त्यांना म्हणाला, "बहीण दिली होती तुम्हाला. सुनेच्या अंगाशेजारी जाळ करतेत का कुणी?" सुधाकरनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना कॅनची शंका होती की नाही, ते मी तेव्हा विचारलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

मग कळलं, की अण्णांना चाकूरच्या ठाण्यात दोनदा बोलावलं. तिथं कुणी वाईट वागलं नाही, पण बाकड्यावर दोन-तीन तास बसवून ठेवलं. गल्लीतल्या लोकांनी ते पाहिलं. अण्णांनी बंब काढून मागं उलटा टाकला आणि त्या थंडीत गार पाण्यानं आंघोळ करायला लागले. हे मला ऋतुजानं सांगितलं. ती म्हणाली, "आजोबा म्हणतात, एवढी वर्षं गाडी चालवली आणि घरात अपघात केला."

मी भिंतीकडं तोंड केलं. सिस्टरना वाटलं दुखतंय, त्यांनी इंजेक्शन दिलं.

अंडी

जळालेल्या माणसाला कातडी भरून यायला प्रथिनं लागतात. डॉक्टरांनी रोज सहा अंडी सांगितली. आमच्या घरात अंडं येत नाही. अण्णा माळकरी आहेत, त्यांच्या स्वयंपाकघरात कांदासुद्धा चातुर्मासात चालत नाही. सुधाकर म्हणाले, बाहेरून आणतो. पण अकराव्या दिवशी दुपारी अण्णा एकटेच आले. हातात स्टीलचा डबा. त्यात उकडलेली अंडी होती, शेंदेमीठ लावलेली.

"कुणी उकडली?" मी विचारलं.

"मी. रफिकभाईच्या घरून पातेलं आणलं." मग जरा थांबून म्हणाले, "वास लई येतो गं त्याला. पण जमलं."

त्यांनी स्टूल ओढलं, एक अंडं सोललं आणि तोंड दुसरीकडं करून घास माझ्यापुढं धरला. गळ्यात तुळशीची माळ, ती त्यांनी सदऱ्याच्या आत सारलेली. मी तोंड बाजूला केलं.

"दुखायलंय का?" ते म्हणाले.

"अण्णा, पेट्रोल स्कूटीतून गळलेलं नव्हतं. मी कॅनमध्ये साठवून ठेवलं होतं. पोत्यांमागं. ह्यांनी नको म्हटलं होतं, तरी ठेवलं. त्या दिवशी मी ओतताना सांडलं."

त्यांनी हातातलं अर्धं अंडं डब्यात ठेवलं.

"आणि मी पोलिसांना ते सांगितलं नाही."

त्यांनी विचारलं, "बंब पेटलेला तुला दिसला होता?"

"हो."

"आन् तरी ओतलंस."

"लांब आहे असं वाटलं."

ते उठले. डबा तिथंच ठेवून निघून गेले. सुधाकर आल्यावर मी त्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, "मला वाटलंच होतं. मी विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस का?" मी म्हणाले, "नाही." त्यांनी डब्यातली उरलेली अंडी मला भरवली. फार रागात होते, पण भरवली.

पुढचे दोन दिवस अण्णा आले नाहीत. ते दोन दिवस ड्रेसिंगपेक्षा अवघड गेले.

तिसऱ्या दिवशी आले. डबा होता. म्हणाले, "राग आलता. बसनं चाकूरला जाईपर्यंत राहिला, घरीबी राहिला. आता उतरलाय. समदा न्हाई, पण उतरलाय." आणि अंडं सोलायला घेतलं. "रफिकभाईला विचारलं मी. तो म्हणला, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असती, खालून खालून जाती, मोरीत जाऊन बसती. जाळ तिच्याकडं जात न्हाई, तीच जाळाकडं जाती. म्हंजे बंबाचा काय दोष नव्हता."

"तुमचाही नव्हता."

"आता जबाब बदलून घे," ते म्हणाले. "माझ्यासाठी न्हाई. तुझा भाऊ जेवंना झालाय. दवाखान्याच्या दारात बसलेला असतोय, बघवत न्हाई."

दुसरा जबाब

त्याच महिला पोलीस आल्या. मी सगळं सांगितलं: कॅन, बाटल्या, नरसाळं. दुकानाचं नावही विचारलं, तेही सांगितलं. मला वाटलं होतं त्या चिडतील. त्या लिहीत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "मॅडम, पहिल्यांदाच सांगितलं असतं तर त्या म्हाताऱ्या माणसाचे दोन दिवस वाचले असते." मी मान हलवली. याहून कडक त्या बोलल्या असत्या तरी चाललं असतं.

दादाला मी स्वतः सांगितलं. तो ऐकून घेत होता, मधूनच म्हणाला, "पाच लिटर?" त्याच्या दुकानात कापडाचे तागे असतात, आगीला तो फार भितो. मग खाली गेला. खिडकीतून मला दिसलं, अण्णा बाकावर बसले होते, हा जाऊन त्यांच्या शेजारी बसला. काय बोलले ते मला ऐकू येणं शक्य नव्हतं. थोड्या वेळानं दोघं चहाच्या गाड्याकडं गेले, एवढं दिसलं.

हात

कातडी लावायची शस्त्रक्रिया झाली. लावलेली कातडी धरली. पाच आठवड्यांनी मला घरी सोडलं, पण मी महिनाभर कंधारला दादाकडं राहिले, कारण वहिनी घरी असते आणि तिथून नांदेडला व्यायामासाठी जायला सोपं पडतं. आठवड्यातून दोनदा दादा मला नांदेडला न्यायचा. अण्णा चाकूरहून एसटीनं परस्पर नांदेडला यायचे. यायची काही गरज नव्हती. व्यायाम चालू असताना ते दारात उभे राहून मोजायचे. मोठ्यानं.

मऊ चेंडू दाबायचा, बोटं एकेक करून अंगठ्याला लावायची, पिळलेलं फडकं उलगडायचं. सुरुवातीला करंगळी अंगठ्यापर्यंत पोचत नव्हती. एका बोटाचं अंतर राहायचं. फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणायच्या, "दुखू द्या, पण थांबू नका." मी दोन्ही केलं. एकदा मी रडायला लागले तर अण्णांनी मोजणं थांबवलं, मी डोळे पुसले आणि त्यांनी जिथं सोडलं होतं तिथून पुढं सुरू केलं.

करंगळी लागली तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मॅडमनी वहीत लिहिलं. आम्ही तिघांनी गोदावरीच्या पुलाजवळ थांबून उसाचा रस प्यायला. दादा आणि अण्णा कुठल्या डेपोचा चालक कसा होता यावर वाद घालत होते. मला ग्लास धरता येत होता. ऊन कोवळं होतं. त्या दिवशी मला कशाचीच घाई नव्हती.

आता मी घट्ट हातमोजे घालते, उन्हात तर घालतेच. उजव्या हाताची कातडी चकाकते आणि थंडीत ओढल्यासारखी होते. ऋतुजाची वेणी मी घालते, थोडी सैल होते. ती शाळेत जाऊन मैत्रिणीकडून घट्ट करून घेते, हे मला माहीत आहे. शेडला शटर नाही, आम्ही ते काढूनच टाकलं. नवी गाडी उघड्यावर असते. घरात पेट्रोलचा थेंब नाही. टाकी भरायला मी अर्धा तास मोडते. तो अर्धा तास मला आता आवडतो. वाटेत गावातल्या दोन-चार जणींशी बोलणं होतं.

बैठक

कामावर रुजू झाल्यावर पहिली बैठक घ्यायची होती. सेविका सगळ्या आल्या होत्या, माझ्या हातांकडं बघत होत्या आणि बघत नसल्यासारखं दाखवत होत्या. मी हातमोजे काढले. म्हणाले, "आधी नीट बघून घ्या. मग सांगते."

मी जे इथं लिहिलं आहे तेच त्यांना सांगितलं. पहिल्या जबाबाचंही सांगितलं. मग मी विचारलं, "तुमच्यापैकी कुणाच्या घरी पेट्रोल भरून ठेवलंय? फवारणी पंपाचं, गाडीचं, कशाचंही. मी नावं लिहिणार नाही."

कुणी हात वर केला नाही. मग मागच्या रांगेतल्या एकीनं केला. मग तिच्या शेजारणीनं. मग आणखी तिघींनी. एक वयस्क सेविका म्हणाली, "मॅडम, आमच्यात तर चुलीच्या खोलीतच हाय. मालक म्हणतेत, तिथं चोरी होत न्हाई."

आणि पुढच्या रांगेतली सुरेखा उठून उभी राहिली. गेल्याच वर्षी कामाला लागलेली, बैठकीत कधी तोंड न उघडणारी. तिनं पिशवी उचलली.

"कुठं निघालीस?" मी विचारलं.

"घरी, मॅडम. दोन बाटल्या हायत आमच्या मोरीजवळ. सासूबाई चार वाजता चूल पेटवतेत."

साडेतीन वाजले होते. तिचं गाव जवळ होतं. मी म्हणाले, "पळ."

ती गेली. मी हजेरीवर तिची सही नव्हती तिथं 'पूर्ण वेळ हजर' असं स्वतःच्या हातानं लिहिलं. अक्षर थोडं वाकडं आलं, पण वाचता येत होतं.